पाटणच्या हवेतलं पाणी

मीटर ब्याण्णव दाखवत होतं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

हे मीटर म्हणजे हवेत किती ओल आहे ते सांगणारं एवढंसं यंत्र. आमच्या मागच्या खोलीत मी काळ्या कापडाचा एक तंबू उभा केला होता, त्यात ते टांगलेलं. तंबूत डाळिंबाची रोपं होती. आकडा साठाच्या आसपास राहिला तर रोपं जगतील, असं मला सांगितलं होतं. आमच्या पाटणात, श्रावणात, साठ! इथं भिंतीला पाठ टेकली तरी ब्लाऊज दमट होतो. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीचा गुल झडतो पण काडी पेटत नाही, कपाटातल्या चपलांवर बुरशीची लव उगवते. या गावात लग्न करून आले त्याला किती वर्षं झाली, पण पावसाळा आला की मला अजून या हवेचा संताप येतो. हवा आहे की ओलं फडकं, तेच कळत नाही.

मी मूळची जतकडची. आमची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची, मग हळूहळू शेतीला लागली. आमच्या दारात एक डाळिंब होतं. आईनं लावलेलं, गावठी. बाजारात त्याला कुणी हुंगलंही नसतं. फळ लहान, साल जाड, दाणे फिक्कट, चव आंबटगोड. पण त्या उन्हात, त्या खडकाळ जमिनीत, ते झाड उभं होतं ते फक्त हात धुतलेल्या पाण्यावर. आमच्याकडं हात धुवायला मोरीवर कुणी जात नसे. जेवून उठलेला प्रत्येक माणूस खरकटा हात घेऊन डाळिंबाकडं चालू लागायचा. पाहुणा आला की आई तांब्या घेऊन त्याला झाडाच्या आळ्यात न्यायची. तलाठी आला तरी तिथंच, मास्तर आले तरी तिथंच. कुणी दोन पावलं अलीकडं हात धुवायला लागलं, तर आई सरळ म्हणायची, "लांबनं नगं. जवळ या. भाईर सांडतंय." मला बघायला आलेल्या माझ्या सासूबाईंनाही तिनं तसंच म्हटलं होतं. सासूबाई पाटणच्या, त्यांच्या दारातनं सहा महिने ओढा वाहतो. त्यांना ते अजून पटलेलं नाही.

आई गेली. झाड राहिलं. आणि मग माझ्या भावानं गाडी घेतली.

गाडी घेतली ते चांगलंच केलं, माझ्या पोटात दुखायचं कारण नाही. पण गाडीला शेड पाहिजे, शेडखाली काँक्रीट पाहिजे, आणि डाळिंब नेमकं मधे येतंय. आबा, म्हणजे माझे वडील, आठवड्याच्या बाजाराला गेलेले. परत आले तर झाड आडवं. भावानं मला फोन केला, "आक्का, ते तसं बी वाळतच आल्तं." वाळत आलं होतं? मागच्याच महिन्यात मी त्याची फुलं बघून आले होते! मी फोनवर त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. त्यानं फोन ठेवला, मी परत लावला, त्यानं उचललाच नाही.

आबा त्याला काहीच बोलले नाहीत म्हणे. कोयता घेतला, पडलेल्या झाडाच्या फांद्यांचे वीतभर तुकडे केले, ओल्या पोत्यात गुंडाळले आणि एसटीनं थेट माझ्या दारात. "पोरी, ह्या जगव," एवढंच म्हणाले. कपड्यांची पिशवी पण आणलेली. म्हणजे परत जायचं नाही हे ठरवूनच आले होते. जून तोंडावर आलेला. डोंगरावर ढग दाटायला लागलेले. मी मनात म्हटलं, आबा, जगवायला सगळं जग सोडून तुम्हाला पाटणच सापडलं का?

पण काड्या फुटल्या. पिशव्यांमध्ये मुळं धरली, बारीक तांबूस पानं आली. आबा रोज सकाळी त्यांच्यापुढं उकिडवे बसून बघायचे. मग पावसाला सुरुवात झाली. सूर्य गेला तो गेलाच. चांगल्या हिरव्या पानांवर काळे ठिपके पडायला लागले, बुडाशी काडी मऊ पडायला लागली. शेती औषधाच्या दुकानात विचारलं, तर तो म्हणाला, हे कोरड्या हवेचं झाड, ह्याला इथल्या ओलीनंच बुरशी लागणार. घरात घ्या, दिवा लावा, हवा कोरडी ठेवा.

मी ब्लाऊज शिवते. घरातच धंदा आहे. त्यामुळं तंबू विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. बाहेरून काळं, आतून चंदेरी असलेलं कापड आणलं, पाइपांचा सांगाडा केला, नऊवारीला लागतं तेवढं कापड शिवलं आणि पुढं लांबलचक चेन बसवली. आत फळी, वर रोपांना उन्हाच्या जागी लावतात तो दिवा, वरच्या कोपऱ्यात हवा बाहेर फेकणारा पंखा. नवरा म्हणाला, "एवढं तर आपल्या लग्नात बी सजवलं न्हवतं." मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो चहा प्यायला गेला.

पंखा लावला आणि आकडा अजून वर चढला. दुकानदाराला विचारलं, तर म्हणे पंखा मोठा लावा. मोठा लावला. आणखी वर! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, पण तिच्या जागी आत कुठली हवा येते? पाटणचीच की! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली, आणि मी वीज जाळून ती आत ओढतेय. असा राग आला स्वतःचा! पंखा बंद केला, खिडकीच्या फटी कापडाच्या चिंध्यांनी बुजवल्या आणि कराडहून ते मशीन आणलं. खोलीतल्या हवेतलं पाणी ओढून खालच्या टाकीत साठवणारं मशीन. ते घरघर करायला लागलं आणि तासाभरात टाकीत पाण्याचा आवाज आला.

आबा टाकीशी वाकून बघत राहिले. "हे कुठनं आलं?"

"हवेतनं."

"हवेतनं?" त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "ग्वाड हाय की गं."

त्या दिवसापासून टाकी रिकामी करायचं काम त्यांनी मागून घेतलं. मला बरंच वाटलं. गौरी-गणपती जवळ आलेले, ब्लाऊजांचा ढीग पडलेला, दर अर्ध्या तासाला उठायला मला कुठं सवड होती?

आता मशीन पाणी काढत होतं, दिवा जळत होता, खोली बंद होती. आकडा खाली यायला पाहिजे की नको? अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. परत नव्वद. मी पानं विरळ केली, पिशव्या विटांवर चढवल्या, मातीवर कोरडी वाळू पसरली, पाणी घालायचं ते फक्त सकाळी आणि तेही चमच्यानं मोजून. तरी दर दोन-चार दिवसांनी एक रोप मान टाकायचं. काडी उपटली की बूड काळं, हाताला चिकट. मी ते आबांच्या नजरेआड टाकायला जायचे, आणि ते पडवीतून म्हणायचे, "आजून एक गेलं न्हवं?"

एकदा चेन उघडली तर आत सासूबाईंची दोन लुगडी, नवऱ्याची पँट आणि एक ओलंगच्च घोंगडं! फळीच्या वर दोरी बांधून ओळीनं वाळत घातलेलं. खालची रोपं ठिबकणाऱ्या पाण्यात उभी.

"आत्याबाई!" मी एवढ्यानं ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"काय झालं ओरडाय?" त्या सावकाश आल्या. "आगं, एवढी ऊब हाय आत. दोन लुगडी वाळली तर तुझ्या झाडाच्या पोटात दुखतंय व्हय?"

"व्हय, दुखतंय! तुमच्या घोंगड्यातलं पाणी काढायला आणलंय का मी मशीन?"

"मंग कशाला आणलंय? माणसाला वाळलेलं नेसाय मिळंना आन् काड्यांना गादीवर बसवलीया."

चूक त्यांची तरी कशी म्हणू? पाटणच्या बाईला पावसाळ्यात कुठंही ऊब दिसली की तिथं कपडे घालायचेच, मग ती चूल असो, टीव्हीची पाठ असो नाहीतर सुनेचा तंबू. पण मला राग आला तो आलाच. मी दोरी कापली. सासूबाई माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत, जे बोलायचं ते भांड्यांशी बोलल्या.

मला वाटलं, सापडलं कारण. आता आकडा उतरणार. छे! पालथ्या घड्यावर पाणी. मशीन दिवसभर घरघरतंय, आबा टाक्या उपसतायत, आणि मीटर नव्वदीला चिकटलेलं. मग मी मशीनवाल्याला फोन लावला आणि त्याला असा झाडला, असा झाडला, की बिचारा म्हणाला, "ताई, पाणी साठतंय म्हणताय, म्हणजे मशीन चालू हाय की!" मी म्हटलं, चालू असेल तर ओल जाते कुठं? तो म्हणाला, ते मला काय ठाऊक, तुमच्या घरात बघा.

तोवर तीनच रोपं उरली होती.

दुपारची वेळ. आबा पडवीत लवंडलेले. माझी दोऱ्याची रिळं ज्या डब्यात असतात तो मागच्या खोलीतल्या जुन्या खाटेखाली असायचा. खाटेवरची चादर जमिनीपर्यंत लोंबत होती, कुणी घातली म्हणून मी ती उचलली.

खाटेखाली बादल्या. घमेली. दोन हंडे, कळशी, माझी पुरणाची कढई, सासूबाईंचं पितळी घंगाळ. सगळी तोंडं उघडी, सगळी काठोकाठ भरलेली. मी तंबूची चेन उघडली, फळीखाली हात घातला. तिथंही परात. भरलेली. वाळूवरनं बोट फिरवलं, ती ओली. मशीन हवेतलं पाणी काढत होतं, आबा ते खाटेखाली ठेवत होते, तिथनं ते परत हवेत जात होतं आणि मशीन ते पुन्हा काढत होतं. आणि मी त्या कराडच्या पोराला शिव्या घालत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"आबा!"

ते उठून आले. खाटेची चादर वर केलेली बघून दारातच थांबले.

"हे काय हाय?"

"पाणी हाय."

"ते दिसतंय मला! टाकी वतून येतो म्हणत होता न्हवं? कुठं वतत होता?"

"वतायचं कुठं? मोरीत?" त्यांना खरंच कळत नव्हतं. "एवढं चांगलं पाणी?"

"आन् वाळू कशानं भिजली?"

"दुपारच्याला जरा जरा घालतो. चमच्यानं काय व्हतंय? तहान लागत आसंल त्येस्नी."

मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले! म्हटलं, आवं, बाहेर बघा, आभाळ फाटलंय, ओढा दारात आलाय, आणि तुम्ही खाटेखाली पाणी साठवताय? हे जत न्हाई, पाटण हाय! या झाडाला पाणी नको म्हणून मी जिवाचं रान करतेय, आणि तुम्ही त्याला पाजताय? आणि शेवटी म्हटलं, "त्यानं एकदाच तोडलं आबा. तुमी आईचं झाड रोज मारताय."

ते आत आले आणि खाटेची चादर परत खाली सोडली.

पण माझं संपलं नव्हतं. मी बादली उचलली, त्यांच्यासमोरून पडवीत नेली आणि पावसात भिरकावली. मग घमेली. मग हंडे. पावसात पाणी ओतताना आवाजसुद्धा वेगळा येत नव्हता. आबा प्रत्येक भांड्याकडं बघत होते. भाकरीची टोपली उकिरड्यावर उपडी केली असती तर त्यांनी असंच बघितलं असतं. कळशीच्या वेळी ते एवढंच म्हणाले, "तेवढी तरी ऱ्हाऊ दे." मी ती पण ओतली. रात्री ते जेवायला उठले नाहीत. आणि मी? मी जेवले. रागानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आकडा उतरला, अर्थातच. पंच्याहत्तर, अडुसष्ट, साठ. मी बरोबर होते, आणि त्या बरोबर असण्याचाही मला राग येत होता. दोन रोपं आधीच आतून सडली होती, ती गेली. एक राहिलं. सगळ्यात आखूड, वाकडं, ज्याच्यावर माझी भिस्त कधीच नव्हती. त्याला नवी पानं आली, ठिपका नसलेली.

आबा आता तंबूकडं फिरकत नव्हते. टाकी मात्र तेच न्यायचे, माझ्याकडं न बघता. काही दिवसांनी बघते तर पडवीत तेलाचे रिकामे कॅन ओळीनं उभे. भरलेले. आणि प्रत्येकाला झाकण, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, वर सुतळी. मी बोलायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "झाकलंय. खोलीभाईर हाय. वल जात न्हाई." कॅन वाढत गेले. सासूबाई अडखळल्या, नवऱ्याची मोटरसायकल लावायची जागा गेली. गल्लीतली माणसं हसायला लागली. एकानं मला दारात विचारलं, "काय वहिनी, म्हातारबाबा पावसाळ्यात पाणी साठवत्यात म्हणं?" मी म्हटलं, "व्हय. तुमच्या बाचं काय जातंय?" तो निघून गेला. आबांना बोलायचं तर मी बोलेन. गल्लीनं बोलायचं काम नाही.

दिवाळीच्या आधी पाटणात ऊन पडलं. रोप बाहेर काढलं, त्याला महिनाभर उन्हाची सवय लावली. मग आबा म्हणाले, "नेऊ या." कुठं, ते विचारायची गरज नव्हती. नवऱ्यानं मित्राची जीप आणली. मी रोप मांडीवर घेऊन पुढं बसले, आणि मागं खडखड आवाज आला. आबा कॅन चढवत होते.

"आबा, गावाला जायला पाणी कशाला?"

"ऱ्हाऊ दे."

"आवं, माणसं हसतील."

"हसू दे की."

नाकापेक्षा मोती जड! एका वीतभर रोपाला जीपभर पाणी. मी कराड येईपर्यंत धुसफुसत होते. पुढं तासगाव मागं पडलं तसं रान पिवळं होत गेलं. परतीचा पाऊस यंदा आमच्या बाजूला फिरकलाच नव्हता. कालव्याचं पाणी आमच्या शिवाराच्या अलीकडंच थांबलेलं. गावाच्या तोंडाशी टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली होती, माणसं कुणीच नव्हती, नुसत्या घागरी.

दारात गाडीची शेड. खाली काँक्रीट, गुळगुळीत, दिवसाच्या उन्हानं तापलेलं. झाड कुठं होतं ते मलाही ओळखता येईना, आणि तिथंच मला रडू फुटायच्या ऐवजी संताप आला. भाऊ बाहेर आला. माझ्या पाया पडायला वाकला, मी पाय मागं घेतले. आबांनी कुदळ मागितली. काँक्रीट जिथं संपतं तिथं, उंबऱ्यापासून दहा-बारा पावलांवर, त्यांनी खड्डा घेतला. आम्ही रोप लावलं. मातीचं आळं केलं.

"पाणी आण," मी भावाला म्हटलं.

तो जागचा हलला नाही. "आक्का, टँकर उद्या येणार हाय. घरात प्यायापुरतंच हाय."

"प्यायापुरतं हाय? आन् ही गाडी कशानं धुतलीस?" गाडी चकचकत होती. मी पुढं झाले. सगळा पावसाळा मी जो राग सासूबाईंवर, मशीनवाल्यावर, आबांवर काढला होता, तो ज्याचा होता त्याच्यासमोर आता उभा होता. खरं सांगते, मी हात उचलला होता.

मागून सुतळी तुटल्याचा आवाज आला. आबांनी कॅनचं झाकण काढलं होतं. त्यांनी तांब्या भरला आणि माझ्याकडं बघितलं. "हात धू."

माझे हात मातीनं भरलेले होते. मी आळ्यावर वाकले, त्यांनी धार धरली. गार, स्वच्छ पाणी. पाटणच्या हवेतलं, माझ्या भिंतींतलं, सासूबाईंच्या घोंगड्यातलंसुद्धा असेल. माझ्या बोटांवरून ते रोपाच्या बुडाशी गेलं आणि बघता बघता जमिनीनं ओढून घेतलं. ह्याच पाण्याच्या बादल्याच्या बादल्या मी पावसात फेकल्या होत्या. आबांनी त्याचं नाव काढलं नाही. मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. मग त्यांनी तांब्या परत भरला आणि भावाकडं वळले.

"तू बी धू."

भावाचे हात स्वच्छ होते. तो काँक्रीटवरूनच पुढं वाकला, लांबून हात पसरले. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही. पण तांब्या मी आबांच्या हातातून घेतला आणि वाकवला.

"लांबनं नगं," आबा त्याला म्हणाले. "जवळ ये. भाईर सांडतंय."